उबेला ठेवलेली बाटली

बाजाराच्या दिवशी माझे वडील कांदा खात नसत. लसूण आदल्या दिवसापासूनच बंद. पान, तंबाखू, विडी, दारू यांना तर त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. गावातल्या लोकांना वाटे, माणूस भारी सोवळा. तसं काही नव्हतं. पेणच्या बाजारात एका तांदळाच्या व्यापाऱ्याकडे ते पारखी होते आणि जीभ हे त्यांचं हत्यार होतं. सुतार करवतीने नारळ फोडत नाही, एवढंच ते त्यावर म्हणायचे.

त्यांची कामाची रीत मी सुट्टीत दुकानात बसून पाहिली आहे. पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसायची, मधले दाणे तळहातावर घ्यायचे, मूठ मिटायची, मुठीत तोंडातली गरम वाफ सोडायची आणि मग मूठ नाकाशी नेऊन किंचित उघडायची. डोळे मिटलेले. त्यानंतर चार दाणे चावायचे आणि थुंकायचे. हे झालं की ते दोनचार शब्द बोलत. खारा आहे, कासूच्या पलीकडचा, दोन पावसाळे झालेला. किंवा, गोडा आहे, रोह्याच्या कालव्यावरचा, आणि नवा आहे, जुना म्हणून आलाय. आमच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतला लाल राता आणि रोह्याकडचा गोड्या पाण्यावरचा तांदूळ यांतला फरक तसा कुणीही सांगेल. पण हे खाडीच्या बांधापासून शेत किती लांब होतं तेही सांगायचे, आणि पोतं उन्हात पडून राहिलं असेल तर तेही.

नव्या तांदळाला जुना म्हणायला सांगितलं म्हणून त्यांनी आधीचं एक दुकान सोडलं होतं. तो पावसाळा आम्ही नाचणीवर काढला. आई त्याबद्दल त्यांना एका शब्दाने बोलली नाही. उलट दुसऱ्यांना अभिमानाने सांगायची की, आमचे हे माणसाला एक वेळ खोटं बोलतील, मालाला नाही.

हे नाक माझ्याकडे आलं, पण मी ते भलतीकडेच घेऊन गेलो. शिकायला मुंबईला गेलो, केटरिंगचा कोर्स केला, आणि एका मोठ्या हॉटेलात लागलो. सुरुवातीला माझं काम बाटल्यांची बुचं काढण्याचं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की खराब निघालेली बाटली मी ग्लासात ओतायच्या आधीच बाजूला ठेवतो, नुसत्या बुचाच्या वासावरून. तिथून मी वाइनच्या खोलीत गेलो. साहेब लोक ग्लास फिरवत ब्लॅककरंट म्हणायचे, सीडरचं लाकूड म्हणायचे. मी वहीत ते इंग्रजी शब्द लिहून समोर आपले लिहायचो: करवंद, जांभूळ, आईची लाकडी पेटी, झोडणी झाल्यावरचं खळं. ब्लॅककरंट हे फळ मी आजतागायत खाल्लेलं नाही. पुढे त्या नावाचं आइस्क्रीम पेणच्या स्टँडजवळही मिळू लागलं, ते खाल्लं, त्याचा त्या वासाशी काही संबंध नाही.

गावात अर्थातच एवढंच पोहोचलं की पोरगा दारूच्या धंद्यात आहे. आमच्या आळीतली मुलं डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाऊ लागली होती, त्यांच्या आया ते सांगताना आवाज चढवायच्या. माझी आई ‘हाटेलात हाय’ म्हणून विषय बदलायची. वडील भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त विचारायचेच नाहीत. मी कासूला गाडीतून उतरून बांधावरून घरी यायचो, ते गाडी वेळेवर होती का विचारत, मुंबईत पाऊस किती विचारत, आणि मग आम्ही दोघं ओटीवर बसून भाताच्या शेताकडे बघत राहायचो. मला त्यांना सांगायचं असायचं की, बाबा, मी तुमचंच काम करतो. ते ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. माणूस कधीकधी आपल्याच घरात परका होतो, ते मला त्या ओटीवर कळलं. मला एकच हवं होतं: एकदा त्यांच्यासमोर चांगला ग्लास ठेवावा, त्यांनी डोळे मिटून तो हुंगावा आणि काय ते दोनचार शब्द बोलावेत.

मग ती दुपार आली. फ्रान्सचा एक म्हातारा वाइन व्यापारी हॉटेलात उतरला होता. त्याने आठदहा शौकिनांसाठी सहा बाटल्या मांडल्या. एकाच मळ्यातल्या, सहा वेगवेगळ्या सालांच्या. अशा बाटल्या एकत्र बघायला मिळणं म्हणजे नशीबच, आणि त्यांच्या किमतीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. ओतणारा मी. प्रत्येक बाटलीतला पहिला घोट ओतणाऱ्याने तपासायचा असतो, म्हणून मलाही चाखायला मिळत होतं. पहिली तरुण होती, जिभेला आवळा खाल्ल्यासारखं करणारी. तिसरी शांत. चौथीला सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण तिचं साल फार नावाजलेलं. मला मात्र तिच्या तळाशी गुळाच्या कढईचा वास आला. मी गप्प बसणार होतो. पण म्हाताऱ्याने माझा चेहरा पाहिला आणि मला विचारलं. मी म्हटलं, ही बाटली कुठेतरी उन्हात उभी होती. शौकिनांपैकी एकाने नाक मुरडलं. नोकराने नाकाने कांदे सोलावेत हे त्याला कसं रुचणार? म्हाताऱ्याने पुन्हा हुंगलं, बराच वेळ. मग सांगितलं की ती एकच बाटली वेगळ्या खेपेने आली होती आणि मे महिन्यात गोदीत अडकून पडली होती.

आणि पाचवी. पाचवीबद्दल मी पुष्कळदा बोलायचा प्रयत्न केला आहे. तीस वर्षांची होती. ग्लासात विटकरी रंग. आधी वाटलं, हिला वासच नाही. मग सुकलेल्या फुलांचा आला, मग ओल्या मातीचा, मग करवंदाचा, पण करवंद खाऊन झाल्यावर बोटांना उरतो तेवढाच. घोट घेतला तर त्याला धार कुठेच नव्हती. थुंकल्यावरही ती तोंडात राहिली आणि बदलत राहिली. मी त्या वेळी ट्रे हातात घेऊन उभा होतो, आणि मला खारेपाटातल्या घराची इतकी आठवण आली की मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

जाताना म्हाताऱ्याने त्या पाचव्या सालाची एक बाटली मला दिली. म्हणाला, ज्याला चव कळते अशा माणसाबरोबर उघड. कुणाबरोबर उघडायची हे माझं त्याच क्षणी ठरलं.

पुढच्या रविवारी मी ती टॉवेलमध्ये गुंडाळून, मांडीवर आडवी धरून कासूपर्यंत आणली. वडिलांसमोर ठेवली आणि इतक्या वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. मळा, साल, माती, जुनं होणं, उन्हात पडलेली ती चौथी बाटली. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

“गिलता काय रे तुमी ती?”

“नाय बाबा. चाखतो नि थुंकतो.”

“सगलेच?”

“धंद्यातले सगळेच.”

ते हसले. माझ्या कामावरून ते हसलेले मी पहिल्यांदा पाहिले. मग त्यांनी बाटली उचलून उजेडाला धरली, तळाचा गाळ पाहिला, आणि म्हणाले की धंद्यात आहोत तोवर जिभेला हे लावणार नाही, पण सुटल्यावर चाखू. तोवर ही आणखी जुनी होईल, बिघडणार तर नाही ना? मी म्हटलं, नीट ठेवली तर नाही बिघडणार.

चूक झाली ती इथे, आणि ती माझी. परतीच्या गाडीची घाई होती. मी बाटली आईच्या हातात दिली आणि म्हटलं, नीट ठेव गो, ती जुनी व्हायचीय. बस, एवढंच. हॉटेलात नव्या पोरांना मी बाटली कशी आडवी ठेवायची, किती गारव्यात, अंधारात, कशी हलवायची नाही, हे तासभर दटावून शिकवायचो. आणि आईला दोन वाक्यं. मला वाटलं, मागच्या खोलीतल्या पेटीत ठेवेल. ती खोली गार असायची.

सात वर्षं गेली. घरी गेलो की मी विचारायचो, बाटली आहे ना? ती म्हणायची, हाय, एकदम नीट हाय. मी अर्ध्या दिवसाचा पाहुणा, उठून बघितलं कधीच नाही.

मग पेणच्या दुकानात पॅकबंद तांदूळ आला. पिशवीत नळी खुपसायची सोय नव्हती आणि पारख्याची गरजही. वडिलांनी एका शनिवारी काम सोडलं आणि शेजारच्यांच्या फोनवरून मला निरोप दिला की बाटली काढायची आहे, ये. मी दुसऱ्याच दिवशी हॉटेलातले तीन ग्लास कपड्यात गुंडाळून निघालो. पोहोचलो तेव्हा आईने सांगितलं की ह्यांनी कालपासून कांदा खाल्लेला नाही. मला भरून आलं. इतकी वर्षं शौकिनांना वाढलं, पण माझ्या ग्लासासाठी अशी तयारी कुणी केली नव्हती.

आई शिडी लावून माळ्यावर चढली. पेटीकडे नाही, माळ्यावर. चुलीच्या बरोब्बर वर. तिथे ती पुढच्या सालचं बियाणं, कोकमं, सुकी मासळी, जे जे टिकवायचं ते सगळं ठेवायची. तिथून तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली बाटली खाली दिली. ती माझ्या हाताला कोमट लागली.

आई सांगू लागली. तिला केव्हापासून सांगायचं होतं. जुनी व्हायची म्हणजे ऊब पाहिजेच, म्हणून चुलीवरची जागा दिली. आडवी पडली तर सांडेल म्हणून धान्य मोजायच्या दोन पायल्यांच्या मध्ये उभी बांधली. दर शनिवारी खाली काढून चांगली हलवली, लोणच्याच्या बरणीसारखी, नायतर तळाला बसतं ना रे ते सगळं. चौथ्या उन्हाळ्यात तोंडातून झिरपायला लागली, तर तांदळाच्या पिठाने लिंपून टाकली. कौलं परतायला माणसं आली तेव्हा सगळा माळा शेजारी हलवला, पण ही कुणाच्या हाती दिली नाही, दोन दिवस जवळ घेऊन बसली. ती बोलत होती आणि मी सुरीने सुकलेलं पीठ खरवडत होतो. एवढ्या मायेने कुणी कुठल्या बाटलीचा जीव घेतला नसेल.

बूच बोटांनीच निघालं. वास खोलीभर झाला: आंबलेलं, करपलेला गूळ आणि वर धूर. मी तीन ग्लासांत ओतलं. शिळ्या कोकमाच्या सारासारखा रंग, वर गाळाचे कण. काहीतरी बोलून थांबवावं, असं वाटत होतं, पण वडिलांनी हात पुढे केला होता.

त्यांनी ग्लासाच्या तोंडावर तळहात धरला, थोडा वेळ तसाच ठेवला, मग काढून हुंगलं. डोळे मिटले. घोट घेतला, जिभेवर फिरवला. आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. वाइन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडात घेतली होती, पण उबेने गेलेला माल त्यांना कुणी शिकवायला नको होता. माल गेलाय ना, असं ते डोळ्यांनी विचारत होते. मी पापण्या मिटून हो म्हटलं. इतकं नेमकं बोलणं आमच्यात कधी झालं नव्हतं.

आई चुलीपाशी उभी होती. हात पदराला पुसत तिने विचारलं, कशी हाय? मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी ते बोलले. त्यांनी तोंडातला घोट थुंकला नाही. गिळला.

“झकास हाय गो. लय नीट ठेवलीस.”

नव्याला जुना म्हणायला नको म्हणून दुकान सोडणारा माणूस हे म्हणाला. आई इतकी खूश झाली की तिनेही एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि म्हणाली की गुळासारखी लागते, आपल्या घरासारखा वास हाय. आम्ही दोघांनी ती बाटली संपवली. शेवटचा गाळही तिच्यासमोर प्यायलो. आयुष्यात मी प्यायलेली ती सर्वांत वाईट वाइन होती, आणि ती दुपार मला परत कुणी देईल तर मी बाकीच्या सगळ्या देऊन टाकीन.

उन्हं कलल्यावर वडील आणि मी बांधावर गेलो. ते बांधाच्या कडेला बसले. मग म्हणाले,

“चांगली असती, तर कशी लागली असती रे?”

मी त्यांना पाचवीची गोष्ट सांगितली. साहेबांच्या शब्दांत नाही, आमच्या. आधी वास नसणं, मग फुलं, मग माती, मग बोटांना उरलेलं करवंद. ते मधूनमधून थांबवून विचारत होते. फुलं कसली? माती कुठली, खारी का गोडी? थुंकल्यावर किती वेळ राहते? एका पारख्याने दुसऱ्याला विचारावं तसे प्रश्न. मी गोडी म्हटलं तर त्यांनी मान हलवली, जणू त्यांना तेच वाटलं होतं. परत येताना ते म्हणाले, मग तशी एकदा दाखव मला. आईला सांगू नकोस. मी म्हटलं, दिवाळीला.

आता मी जे केलं ते सांगताना मला माझाच राग येतो. हॉटेलात तेव्हा बऱ्या बाटल्यांना तोटा नव्हता. दहा-पंधरा वर्षांची एखादी मी पुढच्याच रविवारी आणू शकलो असतो. ती पाचवीएवढी नसती, पण निरोगी असती. पण दुधाची तहान ताकावर भागवायची नाही, असा माझा ताठा. मला तीच हवी होती, तोच मळा, तेच साल. मी म्हाताऱ्याला पत्र लिहिलं. ती सहज मिळणारी नव्हती. तो शोधत राहिला, परवान्याचे कागद फिरत राहिले, दिवाळी गेली, पुढची होळी गेली. मी घरी जायचो, तेव्हा वडील विचारायचे नाहीत, फक्त माझ्या पिशवीकडे एकदा बघायचे. मी म्हणायचो, येतेय. श्रावणात त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी पेणला नेलं आणि चौथ्या दिवशी ते गेले.

बाटली मार्गशीर्षात आली.

ती मी कुणालाही विकू शकलो असतो. मी ती मांडीवर आडवी धरून कासूला नेली, का ते मला सांगता येत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर उघडली. बूच अखंड निघालं. ती निरोगी होती, हवी होती तशीच होती, कदाचित आधीच्यापेक्षाही थोडी पुढे गेलेली. फुलं आली, माती आली. मी ग्लास धरून ओटीवर बसलो आणि वडील शेजारी नाहीत हे मला त्या दिवशी, त्यांच्या तेराव्याला झालं नव्हतं इतकं, खरं वाटलं. कुणाला सांगू, कुणाला विचारू, की माती कुठली? मी रडलो. आई आतून आली, शेजारी बसली आणि म्हणाली, मला पण दे.

मी तिला दुसऱ्या ग्लासात थोडी दिली. तिने हुंगली. घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरला, वडिलांनी त्या दिवशी धरला होता तसा. मग ग्लास खाली ठेवला.

“चांगली हाय ही पण,” ती म्हणाली. “पण आपली व्हती ती जास्त चांगली. नाय?”

मी तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यायला मला उशीर झाला असावा, कारण तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजावल्यासारखं म्हणाली, “अरे, ते बोलले व्हते ना तुझ्यादेखत. मालाला कवा खोटं बोलले काय ते?”

“नाय,” मी म्हणालो. “आपलीच जास्त चांगली होती.”